सरपंचबाईंचा गृहबिंदू

लहरटोपी चौथ्यांदा सरपंचच्या डोक्यावर बसवली आणि सरपंचनं ती चौथ्यांदा पंजा मारून खाली पाडली.

"शाब्बास!" शाल्मली म्हणाली.

"शालू, तिला चढवू नकोस गं," आई कळवळून म्हणाली.

"चढवणारच! तिला विचारलं का कुणी, बाई तुझ्या डोक्यात डोकावू का म्हणून? ही माणसं सरळ टोपीच घालतात!"

'ही माणसं' म्हणजे एकट्या डॉ. रुकय्या मुकादम होत्या. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अर्णव देशाचं स्थलांतर केंद्र होतं आणि तिथे प्राण्यांचे आणि माणसांचे मेंदू वाचायचं काम मुकादम मॅडम करत. गेले चार दिवस हे मायलेकींचं कुटुंब आणि त्यांचं मांजर त्यांच्या प्रयोगशाळेत येत होतं. चारही दिवस शाल्मली भाटकर, इयत्ता दहावी, त्यांच्याशी भांडत होती. मॅडमनी टोपी उचलली, पुसली आणि पाचव्यांदा बसवली. या वेळी त्यांनी आधी सरपंचच्या हनुवटीखाली खाजवलं. सरपंचनं डोळे मिटले. टोपी राहिली.

"फितूर," शाल्मली पुटपुटली.

सरपंच ही तिरंगी मांजर. पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके, डाव्या कानाचा तुकडा उडालेला. नाव बाबानं ठेवलेलं. पिल्लू होती तेव्हापासून घरात भांडण सुरू झालं की ती बरोबर मध्ये येऊन बसायची, दोन्ही बाजूंकडे आळीपाळीनं बघायची आणि निकाल न देता उठून जायची. म्हणून सरपंच. लाडात आला की बाबा सरपंचबाई म्हणायचा.

पण लाडात यायला बाबा होता कुठे? बाबा सात महिन्यांपूर्वी अर्णवला गेला होता.

अर्णव हा देश नकाशात शोधायला गेलात तर काल होता तिथे आज सापडत नाही. तीनशे अजस्र तराफे एकमेकांना जोडून तयार केलेलं ते तरंगतं राष्ट्र. ना पाया, ना नांगर. समुद्राचे प्रवाह नेतील तिकडे ते जातं, दिवसाला वीस-बावीस किलोमीटर. साठ हजार माणसं तिथे राहतात, समुद्रात शेती करतात, खारं पाणी गोडं करतात. शाल्मलीच्या वर्गातही एक अर्णव होता आणि तोही एका जागी बसत नसे, त्यामुळे या देशाबद्दल तिचं मत पहिल्यापासूनच वाईट होतं.

बाबा, म्हणजे निशिकांत भाटकर, पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांचा इंजिनिअर. दोन महिन्यांचं काम म्हणून तो गेला. सोसायटीच्या गेटापाशी, पंपाच्या कट्ट्याजवळ रिक्षा उभी होती. रिक्षात पाय ठेवता ठेवता तो नेहमीसारखा म्हणाला, "येतो गं!"

आता हे तुम्हांला माहीतच आहे. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. चुकून म्हटलंच तर कुणीतरी वस्सकन ओरडतं, "जातो काय, येतो म्हण!" बाबा तर दूध आणायला जाताना सुद्धा 'येतो' म्हणायचा आणि परत आला की दारातूनच आरोळी ठोकायचा, "आलो, सरपंचबाई!"

तर तो 'येतो' म्हणून गेला. दोन महिन्यांचे चार झाले. शाल्मलीचा वाढदिवस आला आणि गेला. नृत्याची परीक्षा झाली. पहिली चाचणी झाली. आणि मग एक दिवस फोन आला, की इथे कायमची नोकरी मिळतेय, घर मिळतंय, शाळा झकास आहे, तुम्हीच या.

येतो म्हणाला आणि पाच महिन्यांनी 'या' म्हणाला!

त्या दिवशी शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती अजून उतरली नव्हती. तिनं बाबाशी बोलणं बंद केलं. त्याचा आवाज ऐकला तरी ती दारं आपटायची. शिवाय तिनं एक सूडही उगवायला घेतला होता. रोज सकाळी शाळेत निघताना ती उंबऱ्यावर उभी राहून मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "जाते!" आईच्या काळजात चर्र व्हायचं. व्हावं म्हणूनच ती म्हणायची.

अर्णवला यायची तिची एकच अट होती. सरपंच येणार असेल तर मी, नाहीतर नाही. आणि अर्णवची पण एक अट होती. गृहचाचणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय कुठल्याही सस्तन जिवाला प्रवेश नाही. आईची चाचणी परवाच झाली होती, ती उत्तीर्ण झाली. शाल्मलीची आज सरपंचनंतर व्हायची होती. "तुझी काय, नुसती औपचारिकता," मॅडम म्हणाल्या होत्या. खरी काळजी मांजरीची होती.

भिंतीवरच्या पडद्यावर रत्नागिरीचा नकाशा उमटला. नकाशावर एक हिरवा बाण थरथरत स्थिर झाला.

"झालं," मुकादम मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, आणि शाल्मलीला तेव्हाच कळलं. डॉक्टर लोक चष्मा काढतात ते काही पेढे वाटायला नाही.

"नापास?"

"बिंदू स्थिर आहे. चारही दिवस, तीन वेगवेगळ्या जागी घेतलेल्या नोंदी एकाच ठिकाणी मिळतायत. मला वाईट वाटतं, शाल्मली."

"वाईट वाटतं तर सही करा ना!"

"शालू!" आई.

"थांबा, अनुजाताई." मॅडमनी खुर्ची ओढली आणि शाल्मलीसमोर बसल्या. "घर म्हणजे काय गं?"

"आता निबंध लिहू का?"

"नको, मी सांगते. आपल्या मेंदूत, दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, खूप खोल, काही पेशींना एकच काम असतं. घर कुठल्या दिशेला आहे आणि किती लांब आहे, एवढंच त्या सांगत राहतात. जागेपणी, झोपेत, सारख्या. त्या गृहपेशी. त्या ज्या ठिकाणाकडे बोट दाखवतात तो गृहबिंदू. ही टोपी ते बोट वाचते. बाण म्हणजे दिशा, खालचा आकडा म्हणजे अंतर."

"हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलंत."

"पुढचं नाही सांगितलं. सांगायचं नव्हतं." मॅडम म्हणाल्या. "काहींचा गृहबिंदू माणसात असतो. माणूस हललं की बिंदू हलतो. तुझ्या आईचाच बघ. परवा तू इथे येरझाऱ्या घालत माझ्यावर ओरडत होतीस आणि पडद्यावर तिचा बाण तुझ्या मागे मागे फिरत होता. असे लोक अर्णववर सुखात राहतात. पण ज्याचा बिंदू जमिनीत रुतलाय, त्याचं घर तिथे रोज वीस किलोमीटर मागे पडतं. मेंदू सांगत राहतो, घर लांब चाललं, धर, धर. पहिल्या वर्षी अर्णववर चौदा मांजरं नेली होती. ती दिवसभर मागच्या काठावर जाऊन बसायची. तीन महिन्यांत तेरा मांजरांनी समुद्रात उडी मारली."

सरपंच टोपीसकट टेबलावर बसून शेपटीचं टोक हलवत होती.

"आणि माणसं?" आईनं हळूच विचारलं.

"नऊ. सहा वाचली. म्हणून कायदा सगळ्यांना सारखा आहे. त्यात सवलत नाही, वशिला नाही."

 समोरच्याचं म्हणणं बरोबर असलं की राग जायला हवा ना? शाल्मलीचा दुप्पट झाला. इतका वेळ भांडायला निदान समोर कुणीतरी दुष्ट होतं. आता तेही नाही!

"शेजारच्या गुरवकाकू सांभाळतील म्हणाल्यात," आई म्हणाली. "त्यांच्याकडे मासे पण असतात रोज."

"आई, तू आधीच बोलून ठेवलंस?"

आई खिडकीबाहेर बघायला लागली.

"ठरवूनच टाकलं होतंत सगळ्यांनी!" शाल्मली उभी राहिली. "आणि तुमचं यंत्र चुकतंय! घर म्हणे स्थिर. तिला मी जेवायला घालते. तिची घाण मी काढते. ती झोपते माझ्या पायांवर, मला कूस बदलता येत नाही रात्रभर. मग बिंदू माझ्यात का नाही? बाण माझ्याकडे का नाही?"

"मांजर आहे बाळा. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, म्हणतातच ना."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. आमच्या गणितात पण ते धरलेलं आहे. कुत्र्याची नोंद असली की यंत्र आधी हलता बिंदू शोधतं. मांजराची असली की स्थिर बिंदू शोधतं."

शाल्मलीनं डोळे विस्फारले. "म्हणजे तुम्ही यंत्रात म्हण घातलीत?"

मॅडम यंत्राकडे बघायला लागल्या.

"मला बिंदू दाखवा," शाल्मली म्हणाली. "नुसता बाण नको. कुठे आहे ते दाखवा, अगदी जवळून."

नकाशा मोठा होत गेला. रस्ता, वळण, पाण्याची टाकी, त्यांची सोसायटी. आकडा होता तीन हजार दोनशे बारा मीटर, ईशान्येला. शाल्मली पडद्याला नाक लावून उभी राहिली.

"हे आमचं घर नाहीये."

"काय?"

"आमची इमारत इकडे मागे आहे, ही बघा. तुमचा ठिपका चाळीस मीटर पुढे आहे. तिथे घर नाही, काही नाही. तिथे तर..." ती एकदम थांबली. "आई, हा पंपाचा कट्टा."

आई पडद्याजवळ आली. कट्टाच होता. रोज संध्याकाळी सहा वाजले की सरपंच त्या कट्ट्यावर जाऊन बसायची. जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघायची. वॉचमन म्हणायचा, बाईंची सभा भरली. सगळ्यांना गंमत वाटायची. तिथे ती कधीपासून बसायला लागली, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

"बाबाची रिक्षा," शाल्मली म्हणाली. तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथेच उभी होती. इथून म्हणाला तो."

"काय म्हणाला?" मॅडमनी विचारलं.

"येतो."

 मुकादम मॅडमनी चष्मा परत घातला आणि त्या भराभर जुन्या नोंदी काढायला लागल्या. "असू शकतं," त्या स्वतःशीच बोलत होत्या. "बिंदू माणसात असेल आणि माणूस गेला तर... जिथे शेवटचा दिसला तिथेच बिंदू उभा राहील. त्याची वाट बघत. आणि वाट बघणारा बिंदू आमच्या यंत्राला स्थिरच दिसणार. या अल्ला."

"म्हणजे तिचं घर बाबा?" शाल्मलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "जेवण मी घालू, घाण मी काढू, आणि घर कोण, तर बाबा? जो सात महिने तोंड दाखवत नाही तो?"

सरपंचनं तिच्याकडे पाहिलं आणि पाय चाटायला घेतला.

"निमकहराम!"

"शालू, अगं हे चांगलंय!" आईनं तिचा दंड धरला. "मॅडम, चांगलंय ना? तिचं घर माणूस असेल तर ती येऊ शकेल?"

"माझ्या म्हणण्यानं नाही चालणार. बिंदू हलताना दिसला पाहिजे, तशी नोंद झाली पाहिजे. निशिकांत भाटकर इथे असते तर एका मिनिटात झालं असतं. आवाज तरी? फोनवर त्यांचा आवाज ती रोज ऐकतच असेल, त्यानं काही..."

"नाही ऐकत," आई म्हणाली. "मी कानात घालून बोलते. गच्चीवर जाऊन." ती लेकीकडे न बघता म्हणाली, "घरात त्याचा आवाज आला की दारं आपटतात."

शाल्मलीनं मान फिरवली. दोन महिने ती बाबाला शिक्षा करत होती. त्यातली अर्धी सरपंचला होत होती, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"दे फोन," ती म्हणाली.

"मी लावते."

"नाही. मी लावणार. मीच भांडणार त्याच्याशी."

दोन रिंगा झाल्या आणि फोनच्या पडद्यावर बाबाचा चेहरा आला. दाढी वाढलेली, मागे निळंशार पाणी. फोनवर आपली मुलगी आहे हे बघून तो असा काही गांगरला की हातातला पाना खाली पडला. "शालू? शालू, तू? सगळं ठीक आहे ना?"

"माझ्याशी बोलू नकोस. सरपंचशी बोल."

"काय?"

"सरपंचशी बोल! तिची परीक्षा चाललीय. तुझ्यामुळे नापास झालीय ती. बोल पटकन."

तिनं फोन सरपंचच्या नाकासमोर धरला.

"सरपंचबाई," बाबा भांबावून म्हणाला. "कशा आहात? जेवलात का?"

सरपंचचा अर्धा कान हलला. बाण हलला नाही. तीन हजार दोनशे बारा.

"अजून बोल!"

"मी काय म्हणतो... इथे मासे खूप आहेत हं, बाई. बांगडे, सुरमई..."

तीन हजार दोनशे बारा.

मॅडमनी मान हलवली. "आवाज ओळखीचा आहे, पण तिच्या लेखी माणूस अजून गेलेलाच आहे. बिंदू तिथेच."

अजून गेलेलाच आहे. शाल्मली बाणाकडे बघत राहिली. 'येतो' म्हणून गेलेला माणूस गेलेलाच असतो, कुठवर? तो दारात उभा राहून आरोळी ठोकेपर्यंत. बाबानं जन्मभर या मांजरीला दोन शब्द शिकवले होते. एकानं घर बाहेर जायचं, दुसऱ्यानं घर परत यायचं. पहिला म्हणून झाला होता. दुसरा सात महिने बाकी होता.

"बाबा," ती दात-ओठ खात म्हणाली, "आलो म्हण."

"पण शालू, मी तर आलेलो..."

"माहितीय मला तू आलेला नाहीस! सात महिने माहितीय! म्हण!"

बाबानं फोन तोंडाजवळ धरला. मग तो जुन्या सवयीनं, दारातून द्यायचा तशी, मोठ्यानं आरोळी देत म्हणाला, "आलो, सरपंचबाई!"

सरपंच ताडकन उभी राहिली. टोपी तिरकी झाली. आणि पडद्यावरचा हिरवा बाण गर्रकन फिरला. आकडा धडाधड कोसळला. तीन हजार. चारशे. अकरा. एक मीटर. अर्धा मीटर.

"हलव!" मुकादम मॅडम ओरडल्या. "फोन हलव!"

शाल्मली फोन घेऊन पळत सुटली. टेबलाभोवती, खिडकीशी, दाराबाहेर, व्हरांड्यात. "आलो! आलो! आलो!" फोनमधून बाबा ओरडत होता, कशासाठी ते त्याला अजूनही कळलेलं नव्हतं. आतून मॅडम आकडे वाचत होत्या, "चार मीटर! नऊ! चौदा! फिरतोय, बाण फिरतोय!"

ती धापा टाकत परत आली. "मिळाला ना हलता बिंदू? करा सही."

"आत्ता या क्षणी तिच्या मते घर फोनमध्ये आहे," मॅडम हसत म्हणाल्या.

"असू दे. हलतं घर पाहिजे होतं ना तुम्हांला? फोनपेक्षा जास्त काय हलतं?"

मॅडमनी सही केली. 'सरपंच भाटकर, मार्जार, मादी. प्रवेशास पात्र.' आणि खाली त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, की मांजरांच्या गणितातली म्हण काढून टाकावी.

आईनं डोळे पुसले. शाल्मलीनं सरपंचला उचलून गरगर फिरवलं. मग टोपी काढून घेतली आणि स्वतःच खुर्चीत जाऊन बसली. "चला, माझीपण औपचारिकता उरका. मला घरी जाऊन गुरवकाकूंना सांगायचंय, मासे तुम्हीच खा म्हणून."

टोपी थंडगार होती. तिला गुदगुल्या झाल्या. बाबा फोनमध्ये अजून होताच, टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला. त्याच्याशी आपण बोलत नाही हे तिला आठवलं, म्हणून तिनं त्याच्याकडे पाठ केली.

बाण थरथरत स्थिर झाला.

 शाल्मलीनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

ईशान्य. तीन हजार दोनशे बारा मीटर.

"हा सरपंचचा राहिलाय," ती म्हणाली. "जुना. पुसा तो."

मॅडमनी यंत्र बंद केलं. परत सुरू केलं. टोपी नीट बसवली. ईशान्य, तीन हजार दोनशे बारा.

"हा तुझाच आहे, शाल्मली."

"शक्यच नाही! मी? मी पंपाच्या कट्ट्यावर? मी तर त्याचं तोंड बघत नाही. मी त्याच्याशी बोलत नाही. मी रोज 'जाते' म्हणते, मुद्दाम! मला त्याचा राग आलाय, मॅडम!"

"दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "राग कुठे उभी राहून करतेस, ते पण दिसतंय."

शाल्मलीचे कान तापले. पडद्यावर, सगळ्यांसमोर, हिरव्या रंगात, मीटरमध्ये! कुणी तिची वही चोरून वाचली असती तरी बरं झालं असतं.

"शालू," टेबलावरून बाबाचा आवाज आला. तो आता अगदी वेगळा होता. "शालू, आलो गं."

बाण जागचा हलला नाही.

"परत म्हणा," मॅडम म्हणाल्या.

"आलो गं, शालू."

तीन हजार दोनशे बारा. अकरासुद्धा नाही.

"काय झालं?" आईनं घाबरून विचारलं. "आत्ता तर चाललं होतं!"

"मांजरीला नुसता शब्द पुरला," मॅडम हळू म्हणाल्या. "हिला त्याचा अर्थ कळतो. आणि तो खोटा आहे, हेही कळतं." त्यांनी दुसरा कागद ओढला.  मग त्यांनी लिहिलं. 'शाल्मली भाटकर, मानव, स्त्री. तूर्त अपात्र.'

"एक मिनिट," शाल्मली म्हणाली. "म्हणजे आई जाऊ शकते."

"हो."

"सरपंच जाऊ शकते."

"हो."

"आणि मी नाही?"

"कायदा सगळ्यांना सारखा."

सरपंच उठली, टेबलावरून चालत गेली आणि फोनला अंग घासून त्याच्याशेजारी पसरली. तिचं घर तिला मिळालेलं होतं.

"गुरवकाकूंना काय सांगू आता?" शाल्मली किंचाळली. "मांजर निघाली, मुलगी ठेवून घ्या? मासे चालतात तिला?"

आईला हसू फुटलं आणि त्याबरोबरच रडूही. बाबा मात्र हसला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "मी काय करायचं?"

"तुमच्याकडे पुरावा आहे का, की तुम्ही आलात? तोच लागेल. शब्द चालणार नाही. घर जिथून गेलं, तिथे ते परत आलं पाहिजे. पंपाच्या कट्ट्यापाशी. स्वतः."

"इथून बोट एकोणीस दिवसांनी आहे. काम अर्धवट... नाही, जाऊ दे काम. शालू, ऐकतेस? मी ये..."

"तो शब्द बोलायचा नाही!" शाल्मली गरजली. "परत जर तो शब्द बोललास ना, तर बघ!"

तिनं फोन बंद केला. सरपंचनं तिच्या हाताला चावा घेतला.

ते एकोणीस दिवस आईला फोन वापरता आला नाही. सरपंच त्यावर झोपायची. कुणाचा फोन आला की आधी मांजर बाजूला करावी लागायची आणि मग ती पूर्ण संभाषणभर कुरकुरायची. शाल्मली सकाळी 'जाते' म्हणाली नाही. 'येते'ही म्हणाली नाही. नुसती दप्तर उचलून निघायची. संध्याकाळी खोलीत बसून ती वहीत काहीतरी लिहायची, खोडायची, परत लिहायची.

विसाव्या दिवशी दुपारी चार वाजता सोसायटीच्या गेटापाशी ही गर्दी. गुरवकाकू, वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरची सगळी पोरं. पंपाच्या कट्ट्यावर सरपंच बसली होती आणि तिच्या पंजाखाली आईचा फोन. शेजारी शाल्मली, डोक्यावर लहरटोपी, मांडीवर वही. बाजूला मुकादम मॅडम हातात छोटा पडदा धरून उभ्या.

"टोपी कसली गं ही?" गुरवकाकूंनी विचारलं.

"नापास झालेल्यांना घालतात," शाल्मली म्हणाली.

रिक्षा वळणावर दिसली. तिचा हॉर्न वाजला. सरपंचनं फोनवरचा पंजा काढला.

बाबा उतरला. बारीक झाला होता. हातात एक पिशवी, चेहऱ्यावर अपराधी हसू. रिक्षापासून कट्टा दहा पावलं होता. सरपंचनं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि कट्ट्यावरून उडी मारून थेट त्याच्या पायांत गेली.

बाबानं तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस!" शाल्मली उठून उभी राहिली. तिनं वही उघडली. "आधी माझं ऐकायचं. बावीस मुद्दे आहेत. एक. तू दोन महिने म्हणालास. दोन म्हणजे दोन. मला गणित येतं."

बाबा एक पाऊल मागे सरकला. ती एक पाऊल पुढे गेली.

"दोन. माझ्या वाढदिवसाला तू पाठवलेला ड्रेस मला दोन वर्षांपूर्वी झाला असता. तुला माझं माप माहीत नाही! मी वाढतेय, बाबा! तू नसलास तरी वाढते मी!"

बाबा आणखी मागे, रिक्षाला वळसा घालून. शाल्मली त्याच्या मागे. टोपीची वायर लोंबत होती, वॉचमननं ती अदबीनं उचलून धरली आणि तोही मागोमाग निघाला.

मुकादम मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. अंतर दोन मीटर. दीड मीटर. बाबा डावीकडे सरकला की बाण डावीकडे. बाबा उजवीकडे, बाण उजवीकडे. बाबानं अजून तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

मॅडमनी खिशातून कागद काढला, 'तूर्त अपात्र' यावर रेघ मारली आणि पेन पर्समध्ये टाकलं.

शाल्मली तेव्हा फक्त तिसऱ्या मुद्द्यावर होती.